भट्टीशेजारचा फळा

कोल्हापूर परिसरात लहानमोठ्या मिळून तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत. जुनं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, असा त्यांचा पसारा. उसाचे चरक आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करता करता हा धंदा इथं रुजला. आज इथलं ओतकाम ट्रॅक्टर, ट्रक, पंप, कॉम्प्रेसर यांत बसून देशात आणि देशाबाहेर जातं. माझी नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं याच धंद्यात गेली. सुरुवात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला, पुढं भट्टी विभाग, त्यानंतर सगळा प्लँट. निवृत्तीनंतर लहान कारखानदार बोलावतात तेव्हा जातो.

हल्ली बोलावण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. मोठ्या गिऱ्हाइकाकडून लांबलचक प्रश्नावली आलेली असते. टनामागे कार्बन किती, टाकाऊ मालाचं काय करता, पाणी किती लागतं, धोरण लेखी आहे का. सेबीनं २०२२-२३ या वर्षापासून शेअर बाजारातल्या सर्वात मोठ्या एक हजार कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. युरोपनं ऑक्टोबर २०२३ पासून लोखंड-पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम अशा मालाच्या आयातीवर कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली. त्या मोठ्या हिशेबाचा एक तुकडा मग सुटे भाग ओतणाऱ्यांच्या टेबलावर येऊन पडतो. कारखानदार विचारतो, "सर, यात काय भरायचं?" मी म्हणतो, फॉर्म राहू दे, आधी भट्टीकडं जाऊ.

भट्टीकडं जायचं कारण साधं आहे. इंडक्शन भट्टीवर चालणाऱ्या फौंड्रीत विजेचा मोठा वाटा एकटी भट्टी खाते. एक टन लोखंड वितळवून ओतण्याच्या तापमानाला न्यायला शास्त्रानुसार चारशेच्या आत युनिटं पुरतात. प्रत्यक्षात चांगल्या चाललेल्या कारखान्यात सहाशेच्या आसपास लागतात, आणि ढिसाळ कारखान्यात त्याहून पुष्कळ जास्त. आपल्या ग्रिडची वीज बहुतांश कोळशाची, त्यामुळं एका युनिटामागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. आता पुढचा भाग. भट्टीत वितळलेल्या हजार किलोंपैकी गिऱ्हाइकाकडं जातात सहाशे-साडेसहाशे. उरलेलं रनर, रायझर (साच्यात लोखंड नेणाऱ्या वाटा आणि भर घालणारे साठे) आणि रिजेक्शन, म्हणजे नापास माल, म्हणून परत भट्टीत येतं. भंगार परत वापरलं म्हणून समाधान मानणारे पुष्कळ भेटतात. लोखंड परत येतं हे खरं, पण त्याला वितळवायला लागलेली वीज परत येत नाही. म्हणजे पोचलेल्या एका चांगल्या टनामागे नुसत्या वितळण्याचीच वीज साडेनऊशे-हजार युनिटांच्या घरात जाते. पर्यावरणाचा आमचा सगळ्यात मोठा प्रश्न हा एवढा आहे, आणि तो प्रवेशद्वारावर फ्रेम करून लावलेल्या धोरणात कधी दिसत नाही.

मी भट्टी विभागात आलो तेव्हा वीज हा विषय ऑफिसातला होता. महिन्याला बिल यायचं, मालक वैतागायचे, मेंटेनन्सवाल्याला बोलवायचे. भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला आपण किती वीज वापरली याचा पत्ताच नसायचा. आम्ही भट्टीला वेगळा मीटर बसवला आणि शेजारी एक काळा फळा टांगला. प्रत्येक हीट, म्हणजे वितळवण्याची एक खेप, संपली की किती किलो, किती युनिटं, किती मिनिटं, हे खडूनं लिहायचं. लिहायचं ते भट्टीवाल्यानंच, सुपरवायझरनं नाही. पहिले काही आठवडे मी कुणाला काही सांगितलं नाही, सुधारणा मागितली नाही, फक्त लिहायला लावलं.

त्या आकड्यांतून जे दिसलं ते माझ्या कल्पनेपेक्षा वेगळं होतं. एकाच भट्टीत, एकाच मालाला, एका हीटला साडेपाचशे आणि दुसऱ्या हीटला साडेसातशे. भट्टी तीच, माणूस तोच. फरक होता थांबण्याचा. लोखंड तयार असायचं आणि साचे तयार नसायचे. क्रेन दुसरीकडं अडकलेली असायची, लोखंड न्यायचं लॅडल थंड असायचं, म्हणून ताव जास्त घ्यावा लागायचा. वितळलेलं लोखंड नुसतं धरून ठेवायलासुद्धा वीज लागत राहते. हे धरून ठेवणं कुणाच्याच वहीत नव्हतं.

सगळ्यात जास्त खोळंबा एका जड मालाला व्हायचा. त्याचे कोअर, म्हणजे मालातली पोकळी घडवणारे वाळूचे गाभे, वेळेत येत नव्हते. मी कोअर शॉपमध्ये गेलो. तिथं आमच्याकडं बहुतेक बायकाच काम करतात. त्यातल्या सगळ्यात जुन्या मावशींनी एका वाक्यात सांगितलं, "मिक्सर सकाळी तासभर बंद असतुया साहेब. आमी बसून ऱ्हातो आन् तुमची भट्टी पेटून ऱ्हाती." मिक्सरचा गिअरबॉक्स सकाळी थंड असताना अडकायचा, ही तक्रार त्यांनी किती तरी वेळा केली होती. ती वीजबचतीची तक्रार आहे हे कुणाला सुचलं नव्हतं. गिअरबॉक्स बदलला आणि भट्टीचा सकाळचा आकडा उतरला. त्या दिवसापासून मी कुठल्याही कारखान्यात गेलो की कोअर शॉपमधल्या बायकांशी आधी बोलतो. कुठं काय अडतं हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलेलं असतं, कारण उशीर झाला की बोलणी त्यांनाच बसतात.

झाकणाची गोष्ट अशीच. साडेचौदाशे अंशांना भट्टीचं तोंड उघडं असलं की उष्णता वर निघून जाते, आणि ती तापमानाच्या सरळ प्रमाणात जात नाही. केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या चौथ्या घातानं जाते. म्हणून शेवटचे शंभर अंश उघड्या तोंडानं चढवणं फार महाग पडतं. आमच्याकडं झाकण होतं. ते भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं. "झाकण वापरा" अशी पाटीही होती. भट्टीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, जड हाय त्ये. दर दोन मिंटाला चार्ज टाकाय लागतुय. हात भाजून घ्यायचा का युनिट वाचवायचं?" त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. आमच्या फिटरनं त्यालाच शेजारी उभं करून, त्याच्या उंचीच्या आणि हाताच्या मापानं, मागं वजन लावून पायानं उघडणारं झाकण बनवलं. ते झाल्यावर पाटी काढून टाकली तरी चाललं. मालकांचा पहिला विचार दंड लावण्याचा होता. मला वाटतं, पर्यावरणाच्या नावानं कारखान्यात केलेले निम्मे नियम असेच असतात. योग्य ते करणं अवघड करून ठेवायचं आणि मग माणसाला दोष द्यायचा.

कॉम्प्रेस्ड एअरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हे सगळ्यांना लागू आहे, फौंड्री असो की दूध संघ की सूतगिरणी. सात बारच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक असलं तर त्यातून साधारण तीन किलोवॅट वाया जातात. वर्षाला सहा हजार तास काम धरलं तर अठरा हजार युनिटं, एका भोकामागे. अशी भोकं दहा-वीस असतात आणि यंत्रांच्या आवाजात ती ऐकू येत नाहीत. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळा कारखाना बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करायचा. कुणी हवा वापरत नसताना तो किती सेकंद लोडवर जातो आणि किती सेकंद मोकळा फिरतो, हे घड्याळावर पाहिलं की गळती किती ते कळतं. मग चालत जायचं आणि कान द्यायचा. पहिल्यांदा हे करताना सगळ्यांना हुरूप असतो. गळती बंद होते, बिल उतरतं, फोटो निघतात. सहा महिन्यांनी तेवढीच गळती परत आलेली असते, कारण रबरी नळी झिजतच राहते. म्हणून मोहीम काढायची नाही. महिन्यातली एक सुट्टी आणि एका माणसाचं नाव ठरवायचं, पगारी कामात धरून. दर १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिनाची शपथ होते, ती जरूर घ्यावी. पण पुढचे अकरा महिने ही सुट्टी कुणाची आहे ते कॅलेंडरवर लिहिलेलं असावं.

विजेच्या दराची रचनाही माणसाला शिकवते. एप्रिल २०२० पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरही धरणाऱ्या युनिटवर, सुरू झालं, तेव्हा वर्षानुवर्षं पॉवर फॅक्टरकडं दुर्लक्ष करणाऱ्या कारखान्यांनी महिन्याभरात कपॅसिटर पॅनेल तपासून घेतले. जे काम माझ्यासारख्यांच्या सांगण्यानं होत नव्हतं ते बिलाच्या एका रकान्यानं झालं.

आता खरेदी विभाग. हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर कुणी बोलत नाही. आमच्याकडं भंगार घेणाऱ्याचं कौतुक किलोमागे किती रुपये वाचवले यावर व्हायचं. मग तेलकट टर्निंग यायचं, रंगाचे पत्रे यायचे, जस्ताचा मुलामा असलेला माल यायचा. तेलकट मालाचा काळा धूर सगळ्या शेडमध्ये पसरायचा. जस्ताची पांढरी वाफ निघायची, आणि ते जस्त भट्टीच्या अस्तरातही शिरायचं. गंज आणि माती असली की स्लॅग, म्हणजे लोखंडावर तरंगणारी मळी, वाढायचा, स्लॅग काढायला भट्टी थांबायची, थांबली की युनिटं वाढायची. पावसाळ्यात ओलं भंगार भट्टीत पडलं तर स्फोट होतो, त्यात माणसं भाजतात. हे सगळं दोन रुपयांच्या बचतीत दिसत नव्हतं. आम्ही प्रत्येक पुरवठादाराच्या मालाची वेगळी हीट घेऊन त्याचा स्लॅग, घट आणि युनिटं मोजली आणि चांगल्या लोखंडाच्या किलोमागे खरा दर काढला. स्वस्त वाटणारे दोन पुरवठादार महागात पडत होते. खरेदीच्या साहेबांनी तो तक्ता स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आणि पुढं पुरवठादारांशी तेच बोलू लागले. कारखान्यातून किती धूर निघणार हे खरेदीच्या टेबलावर ठरतं, चिमणीवर नाही.

फळ्याचा आकडा उतरत होता, मालक खूश होते, दोन पाळ्यांमध्ये चढाओढ लागली होती. आणि इथंच दोन गोष्टी घडल्या, ज्यांनी माझा सगळा विचार फिरवला.

पहिली अशी. रात्रपाळीचा आकडा दिवसपाळीपेक्षा सातत्यानं कमी यायला लागला. सकाळी कास्टिंग फोडल्यावर पातळ भिंतीच्या मालात कोल्ड शट, म्हणजे लोखंड नीट न जुळल्याचे दोष, वाढलेले दिसायला लागले. आकडा कमी यावा म्हणून रात्री लोखंड थोडं थंडच ओतलं जात होतं. भट्टीवर वाचलेली वीज रिजेक्शनमध्ये दुपटीनं जात होती. त्यात माणसांचा दोष नव्हता, आपण जे मोजतो ते त्यांनी कमी करून दाखवलं होतं. फळ्यावरचा रकाना बदलला. वितळलेल्या टनामागे युनिटं लिहिणं बंद केलं आणि तपासणीतून पास होऊन गाडीत चढलेल्या टनामागे लिहू लागलो. हा आकडा हीट संपल्यावर लगेच मिळत नाही, दोन दिवस थांबावं लागतं. पण त्यानं भट्टीवाला, साचेवाला, पॅटर्न शॉप आणि तपासणी सगळे एका आकड्याला बांधले गेले. रायझरची मान थोडी बारीक करून चालेल का, एका साच्यात चारऐवजी सहा नग बसतील का, असे प्रश्न पॅटर्न शॉपमध्ये सुरू झाले. पुढच्या काळातली सगळ्यात मोठी बचत तिथूनच आली. वितळवण्याची वीज वाचवण्यापेक्षा वितळवावंच लागू नये, ही जागा मोठी आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. साचे फोडण्याच्या जागेला आम्ही नॉक-आउट म्हणतो. गरम वाळू तिथं थरथरत्या जाळीवर फुटते आणि बारीक धूळ उठते. ती धूळ सिलिकाची. डोळ्यांना दिसते ती धूळ तेवढी वाईट नाही. जी दिसत नाही ती फुप्फुसात खोल जाऊन बसते. सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. तो झाला की बरा होत नाही. आमच्या नॉक-आउटवर धूळ ओढून घेणारा ब्लोअर आणि बॅग फिल्टर होता. एका रात्री मी न सांगता कारखान्यात गेलो तर ब्लोअर बंद होता आणि शेडमध्ये समोरचा माणूस धूसर दिसत होता. विचारल्यावर तिथला पोरगा सहज म्हणाला, "फळ्यावर आकडा लागतुय न्हवं? म्हणून बंद ठेवतोय."

त्या ब्लोअरची मोटर कारखान्याच्या एकूण विजेत काहीच नव्हे. पण बचत हा एकच शब्द सगळीकडं घुमायला लागला की सगळ्यात आधी काय बंद होतं? ज्याच्या बंद होण्यानं उत्पादन थांबत नाही ते. म्हणजे धूळ ओढणारा ब्लोअर, पाणी साफ करणारा पंप, धूर नेणारा पंखा. हे सगळे वीज खातात आणि बदल्यात एक किलो मालही देत नाहीत. दुसऱ्याच दिवशी आम्ही वायरिंग बदललं. ब्लोअर चालू असल्याशिवाय नॉक-आउटची जाळी सुरूच होणार नाही असा इंटरलॉक टाकला. ब्लोअरची वीज फळ्याच्या हिशेबातून बाहेर काढली. फिल्टरच्या पिशव्या चोंदल्या की नाही हे दाखवणारा दाबाचा मीटर लावला, कारण चोंदलेल्या पिशव्यांचा ब्लोअर फिरतो, आवाज करतो आणि धूळ ओढत नाही.

आमच्याकडं नॉक-आउटवर आयुष्य काढलेले एक मामा होते. शेवटच्या वर्षांत कँटीनचा जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबायचे. वय झालं म्हणायचे. मी त्यांच्या एक्स-रेच्या कागदावर काय लिहिलं होतं ते वाचलं आहे. नवा, मोठा फिल्टर बसवायचा प्रस्ताव मी मांडला तेव्हा मालकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पेबॅक किती वर्षांचा? मी सांगितलं, पेबॅक नाही. हे पैसे परत येणार नाहीत. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग सही केली. ती सही त्यांच्या सगळ्या सह्यांत मला मोठी वाटते.

शाश्वततेवर बोलणारे बहुतेक लोक सांगतात की पर्यावरण राखलं की नफा वाढतो. अर्ध्या वाटेपर्यंत हे खरं आहे. झाकण, गळती, रायझर, भंगार, इथपर्यंत पैसे वाचतात आणि हवाही वाचते. त्यापुढं धूळ, वास, काळं पाणी, टाकाऊ वाळू सुरू होते, आणि तिथं नफ्याचं कारण संपतं. जो कारखाना फक्त वाचणाऱ्या पैशांसाठी हे सगळं करतो तो त्या वळणावर थांबतो. म्हणून मी आता कारखानदारांना सुरुवातीलाच सांगतो की बचतीतून आलेल्या रकमेचा ठरलेला हिस्सा पैसे न देणाऱ्या कामांसाठी बाजूला काढा, आणि तो हिस्सा कामगारांसमोर जाहीर करा. एका कारखान्यात हे झालं. तिथं पहिला खर्च धूळ ओढायच्या पाइपांवर झाला आणि दुसरा कोअर शॉपच्या पंख्यांवर, आणि हा क्रम कामगारांनीच ठरवला.

काळ्या पाण्याचंही सांगायला हवं. एक टन ओतकामासाठी चार-पाच टन वाळू फिरते. हिरव्या वाळूच्या साच्यातली, म्हणजे बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि पाणी घालून मळलेली वाळू बहुतेक परत वापरली जाते. कोअरच्या वाळूत मात्र तिला घट्ट धरणारं रेझिन असतं आणि ती ताज्या वाळूची बनवतात. ही ताजी वाळू आमच्याकडं सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातून घाट चढून येते. तिकडं जमीन खणली जाते आणि इकडं तेवढीच वाळू वापरून झाल्यावर बाहेर टाकावी लागते. पूर्वी ती कारखान्यामागं ढीग करून ठेवायची पद्धत होती, किंवा कुणाच्या प्लॉटवर भर म्हणून द्यायची. एका पावसाळ्यात शेजारचे शेतकरी गेटवर आले. भांडायला आले नव्हते. म्हणाले, "ऊस जगतोय, पण जनावरं त्या पाण्याला तोंड लावीनात." आम्ही जाऊन पाहिलं. ढिगातून झिरपलेलं काळं पाणी ओढ्यातून त्यांच्या बांधापर्यंत गेलं होतं.

ढिगावर छप्पर घालणं, कडेनं गटार आणि गाळ बसायची टाकी करणं हे लगेच झालं. अवघड काम पुढचं होतं. कोअरची वाळू आणि साच्याची वाळू एकदा मिसळली की दोन्ही बिघडतात. नॉक-आउटवरच कोअरचे गठ्ठे वेगळे काढायचे, ते फोडायचे आणि भाजून रेझिन जाळायचं, असं केलं की वाळू पुन्हा कोअरला चालते. भाजायचं यंत्र एकट्या लहान कारखान्याला परवडत नाही, पाच-दहा जणांनी मिळून केलं तर परवडतं. पण त्यासाठी एकमेकांच्या वाळूवर विश्वास लागतो. एकानं घाणेरडी वाळू आणली तर सगळ्यांचे कोअर फुटतात. मी अशा बैठकांना बसलो आहे. त्यात यंत्राच्या किमतीवर पंधरा मिनिटं आणि कुणाची वाळू कशी यावर तीन तास जातात, आणि तेच बरोबर आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. आमच्या कामगारांपैकी अनेकांची घरं शिरोळ आणि करवीर तालुक्यांत. एका पुराचा दोष एका कारणावर टाकता येत नाही, धरणं, पाऊस, नदीपात्रातली बांधकामं असं बरंच काही त्यात आहे. पण पाणी उतरल्यावर ओढ्याकाठचे वाळूचे जुने ढीग जागेवर नव्हते. ते कुठल्या शेतात, कुठल्या विहिरीत गेले हे कुणाला सांगता येईना. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. त्यानंतर आमच्या वसाहतीत ढिगाला छप्पर मागायला मला कुणाशी वाद घालावा लागला नाही.

गिऱ्हाइकांबद्दलही स्पष्ट बोलतो. कार्बनचा तक्ता मागणारी कंपनी आणि दरवर्षी दर कमी करून मागणारी कंपनी एकच असते, फक्त टेबलं वेगळी. आम्हाला त्यांच्याकडून पैशांपेक्षाही एक गोष्ट हवी असते, मंजुरी. रायझर बदलायचा, बाइंडर बदलायचा, कास्टिंगची एखादी भिंत दोन मिलिमीटर पातळ करायची, तर त्यांच्या इंजिनिअरची परवानगी लागते, आणि ती कधी कधी वर्षभर येत नाही. तेवढ्या काळात ते जास्तीचं लोखंड रोज वितळतं. प्रश्नावलीत एक रकाना त्यांच्या स्वतःसाठीही असावा. पुरवठादारानं सुचवलेले किती बदल आम्ही मंजूर केले आणि किती दिवसांत? हे मी दोन-तीन कंपन्यांच्या बैठकांत बोललो आहे. एका कंपनीनं ते ऐकलं, आणि तिच्या मालाचं वजन खरंच कमी झालं.

छतावरच्या सौर पॅनेलबद्दल लोक हमखास विचारतात. जरूर लावा. पण पाचशे किलोची इंडक्शन भट्टी चालू झाली की तिची मागणी छतावरच्या पॅनेलच्या आवाक्यात सहसा येत नाही, आणि रात्रपाळी तर आहेच. दिवे, पंखे, ऑफिस, काही मोटरी त्यावर निघतात. आधी टनामागची युनिटं खाली आणा, मग उरलेल्या गरजेसाठी बाहेरून पवन किंवा सौर वीज घ्यायचा करार बघा. उलट्या क्रमानं केलेलं काम मी पाहिलं आहे. छतावर पॅनेल चकचकीत आणि खाली भट्टीचं तोंड उघडं.

सध्या एका लहान फौंड्रीत माझं जाणं चालू आहे. तिथं भट्टीला मीटर लागला, फळा लागला, ब्लोअरला इंटरलॉक झाला. आता अडलंय ते कोअर शॉपमध्ये. तिथल्या बायकांचे डोळे रेझिनच्या वासानं दिवसभर चुरचुरतात. त्याऐवजी सोडिअम सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडच्या जुन्या पद्धतीचे कोअर काही मालांना चालतील असं चाचण्यांत दिसतंय. वास जवळजवळ जातो. पण हे कोअर ओतल्यानंतर कडक राहतात, फोडायला त्रास देतात, आणि त्यांची वाळू परत वापरात आणणं अवघड पडतं, म्हणजे मागचा ढीग वाढणार. मालक मला विचारत होते, आपण ढीग कमी करायचा म्हणत होतो ना? ढीग छपराखाली आहे, खाली काँक्रीट आहे, त्यावर पुढं उपाय सापडेपर्यंत तो थांबू शकतो. मी सिलिकेटच्या बाजूनं मत दिलं आहे. त्या बायकांपैकी दोघींनी चाचणीचे कोअर स्वतः बनवले आणि मापात कुठं फरक पडतो ते वहीत लिहून ठेवलंय. ती वही आणि पहिले बारा नग या आठवड्यात गिऱ्हाइकाकडं मंजुरीला गेले.